शब्द करून दाखवणारे काका

भिंगू पदार्थविज्ञानाची पदवीधर होती आणि चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगांच्या कडा घासत होती. भिंग फ्रेममध्ये चपखल बसेपर्यंत घासायचं, पुसायचं, उजेडाकडे धरून बघायचं, की पुढचं. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि याच कामाला ती इतकी विटली होती की सकाळी यंत्र सुरू करताना तिला रडू यायचं. आणलेल्या भिंगांच्या कडा घासण्यात जन्म घालवायचा नव्हता तिला. उजेड भिंगातून वळतो कसा, नवं भिंग घडवायचं कसं, हे विद्यापीठात जाऊन शिकायचं होतं. भिंगू हे नाव काकांनी ठेवलेलं. खरं नाव फक्त पगाराच्या वेळी ऐकू यायचं.

आडवी आली ती प्रवेशपरीक्षा. गणिताचा पेपर तिनं हसतखेळत सोडवला असता, पण इंग्रजीचे ते अगडबंब शब्द! उजेडाचा अभ्यास करणाऱ्या बाईला, कंजूष माणसाला इंग्रजीत किती परींनी कंजूष म्हणतात हे कशाला ठाऊक असायला हवं? परीक्षा घेणाऱ्यांना विचारा, आणि उत्तर मिळालं तर मलाही कळवा. दोनदा ती त्या शब्दांवरच आपटली होती. आता तिसरी खेप, आणि चौथी मिळत नाही असा विद्यापीठातल्या विभागाचा नियमच होता.

तिनं घोकंपट्टी करून पाहिली. शब्द सकाळी डोक्यात शिरत आणि डबा उघडेपर्यंत पसार होत. यंत्रापुढे पुटपुटण्याच्या नादात एका गिऱ्हाइकाचं भिंग नको तितकं घासलं गेलं, तेव्हा मालक म्हणाले, "अगं, भिंग घासतेयस की जप करतेयस?" त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबांनी पेपरात तोंड खुपसलं.

उठले ते काका. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे, हयातभर बसचे कंडक्टर.

"शब्द कसले पाठ करतेस? माणसं पाठ कर," काका म्हणाले. "माझ्या बसमध्ये झाडून सगळ्या तऱ्हेची माणसं चढायची. तू अर्थ सांग, मी माणूस करून दाखवतो."

आणि दाखवला की! 'पार्सिमोनियस' म्हणजे हात आखडता असलेला. काकांनी आईच्या हातातला बिस्किटांचा पुडा काढून घेतला आणि एकाच बिस्किटाचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. 'ट्रक्युलंट' म्हणजे भांडायला टपलेला. काका बाह्या सरसावून शेजाऱ्यांच्या अंगावर धावून गेले. ते बिचारे शिडी परत द्यायला आले होते. 'ऑब्सेक्विअस' म्हणजे लाळघोट्या. त्या दिवशी काका बाबांच्या मागे मागे फिरत होते, "काय तुमचं बसणं, दादा! बसावं तर तुम्हीच!" बाबासुद्धा पेपर खाली ठेवून हसले.

आईलाही हुरूप आला. "भाऊजी, एखादा मला द्या ना."

"वहिनी, तुम्हाला धड रागावता येत नाही. तुम्ही प्रेक्षकात बसा."

असे शब्दामागून शब्द काकांनीच केले. भिंगूला ते पटापट आठवू लागले. या वेळी आपण पास होणार, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. आरडाओरडा करून करून परीक्षेच्या तोंडावर काकांचा घसा बसला, तेव्हा उरलेसुरले शब्द तिनं नाइलाजानं पुस्तकातूनच घोकले.

परीक्षेच्या खोलीत ती संगणकापुढे बसली. पडद्यावर पहिला शब्द आला आणि पाठोपाठ काका आले. तेच काका, तोच ढगळ सदरा, तीच बाहेरची खोली. पण हे कुठले काका? बिस्किटवाले, शिडीवाले, की बाबांच्या मागे फिरणारे? खाली पाच पर्याय होते आणि पाचांतही काकाच उभे होते. एकाच खुंटीवर घरभराचे कपडे टांगले, तर हवा तो हाताला लागणार कसा? तिनं डोळे मिटले. सगळ्यांचं हसणं अगदी लख्ख ऐकू आलं, पण हसलो कशावर ते काही केल्या आठवेना. पुस्तकातून घोकलेले शब्द तेवढे सुतासारखे सरळ सुटले. बाकीच्यांवर तिनं अंदाजानं बोट ठेवलं.

निकाल तिथंच पडद्यावर आला. पेपर थोड्या गुणांनी गेला होता.

घरी येताना रस्ताभर तिला काकांचा संताप येत होता. कोणी सांगितलं होतं नाटक करायला? मग त्या संतापाचीच लाज वाटली, आणि मग उद्याची सकाळ दिसली, यंत्राची, आणि तिच्यापुढच्या सगळ्या सकाळी. आपलं संपलं, असं तिला वाटलं. खरंच संपलं होतं. विद्यापीठाचं दार आता उघडणार नव्हतं.

काका दारातच उभे होते. तिचा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं. घसा अजून बसलेलाच होता.

"माझे शब्द विचारले होते?"

"हो."

"मग?"

खरं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हा माणूस तिच्यासाठी शेजाऱ्यांच्या अंगावर धावून गेला होता.

"तुमचे सगळे बरोबर आले, काका. पुस्तकातून घोकलेले होते ना, ते चुकले."

काका मटकन पायरीवर बसले.

"म्हणजे मी घशाचे लाड करत बसलो, तेव्हाचेच चुकले," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "न बोलतासुद्धा करता आले असते गं ते शब्द. माझ्यामुळे गेलं तुझं."