माझ्या नावाचा माड

आप्पा माझ्या बोलण्याने मेले. माडावरून पडले, हे गावाला सांगायचं कारण.

आज वर्ष झालं.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी. चाळीस वर्षं नारळ पाडले. आमच्याकडे पाडेली पुष्कळ, पण माडाचा रोग ओळखणारा हा एकच माणूस. पार कट्टा गावापासून लोक यांना घेऊन जायला येत आणि शिव्या खाऊन परत जात.

जीभ म्हणजे नुसता कोयता. एकाने माडाच्या बुंध्याजवळच शेणखताचा ढीग घातला होता. आप्पांनी तो काठीने उकरला, आतल्या अंगठ्याएवढ्या अळ्या त्याच्याच चपलेवर टाकल्या आणि म्हणाले, भुंगे पाळलेस, आता त्यांचं बारसं कर.

मी होमस्टे सुरू केला तेव्हा पाहुण्यांना वांदरांना केळी घालायला मीच शिकवलं. फोटो छान यायचे. महिन्याभरात वांदर सगळ्या वाडीचे कोवळे नारळ पाडायला लागले.

आप्पा दारात येऊन म्हणाले, आधी तुझी केळी बंद कर. मग सगळ्या वाडीने एकाच दिवशी, एकाच बाजूने हाकलायचं. एकट्याने हाकललंस तर ते फक्त माझ्या माडावर येतील, आणि मग मी तुला हाकलीन.

तसं केलं. वांदर कमी झाले. मी थँक्यू म्हटलं नाही.

आता माझा माड.

आमच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाने माड लावतात. माझा अंगणात होता, अडतीस वर्षांचा. त्यालाच मी खिळे ठोकून लाइटच्या माळा आणि होमस्टेचा बोर्ड लावला होता.

खिळ्यांच्या भोकांतून तांबूस चिकट पाणी गळायला लागलं. आप्पांना बोलावलं. त्यांनी बुंध्याला कान लावला आणि मग माझी मान धरून माझाही कान लावला.

"आयकाक येता? सोंड्या भुंग्याचे किडे खातत. वर शेंड्यापर्यंत गेलेत. तुझो माड मेलो. तोड आणि जाळ."

आतून करकर ऐकू येत होती. कोणीतरी पापड खात असल्यासारखी.

आई रडायला लागली. नावाचा माड तोडायचा म्हणजे पोराच्या जिवावर घाव. तिने देवाला गाऱ्हाणं घातलं, तीर्थ शिंपडलं. मीही माड तोडला नाही. मी बी.एस्सी. आहे, हे इथे लिहून ठेवतो.

तीन महिन्यांत आप्पांच्या दोन माडांतूनही तसंच पाणी गळायला लागलं. कीड माझ्याकडून गेली होती.

ते दुकानावर सगळ्यांसमोर मला बोलले. मूर्ख, आईच्या पदराखालचा, बरंच काही. सगळं खरं होतं. म्हणूनच मला झोंबलं.

मी म्हणालो, "आप्पानू, तुमका आता चढाक जमणा नाय, म्हणान तोडूक सांगतास."

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या अंगणात होते. कंबरेला कोयता, हातात भुंगे काढायची आकडी. माझ्याकडे बघितलंही नाही.

ज्या माडाला त्यांनी मेलेला म्हटलं होतं, त्यावर चढायला लागले.

दोन पाहुणे टाळ्या वाजवत होते. मी रील काढत होतो. हो, काढत होतो.

वर पोचून त्यांनी मधल्या कोंबाला हात घातला. तो अलगद उपटून हातात आला. तो कुजलेला कोंब त्यांनी मला दाखवायला खाली धरला, आणि तेवढ्यात पोखरलेला शेंडा त्यांच्यासकट खाली आला.

पाहुण्यांनी दुपारीच चेक-आउट केलं.

त्या संध्याकाळी आईने माझ्या कपाळाला अंगारा लावला. तिचा चेहरा कित्येक दिवसांनी शांत होता.

"झिला, तुझ्यार येवचा होता, ता तेच्यार गेला."

माझी आई वाईट बाई नाही. पण ते वाक्य मी विसरणार नाही, आणि ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हेही विसरणार नाही.

बाराव्याला आप्पांच्या बायकोसमोर, काकींसमोर बसलो. आप्पा आमचा माड वाचवायला गेले, असं काहीतरी बोलायला गेलो.

काकी म्हणाल्या, "तेंका तुझो माड वाचवूचो नाय होतो. तुझा तोंड बंद करूचा होता."

झालं बंद.

आता ज्यांच्या घरी माड आहेत त्यांनी ऐका. खिळे ठोकू नका. चढायला बुंध्यात खाचा पाडू नका. हिरवी झावळ मुळाशी छाटू नका. प्रत्येक जखमेत सोंड्या अंडी घालतो. महिन्यातून एकदा बुंध्याला कान लावा. लवकर कळलं तर औषधाने वाचतो. मधला कोंब ओढून हातात आला तर माड गेला.

माझ्या मुलीच्या नावाचा माड आठ वर्षांचा. परवा त्याला कान लावला. मग कोंब ओढला.

हातात आला.

आई आडवी आली. नातीचं नाव घेऊन, हात जोडून. मी काकींकडे जाऊन आप्पांचा कोयता मागितला. त्यांनी काढून दिला.

आज सकाळी तोडला. आत किडे वळवळत होते. तिथेच जाळला. आई माझ्याशी बोलत नाही. मुलगी शाळेतून आल्यावर विचारेल, तिला खरं ते सांगेन.

आप्पा, तुम्ही सांगितलं तसा तोडला आणि जाळला. एक माणूस उशिरा.

नमस्कार करतो. माफी मागायचं तोंड नाही.