गायीचा घास

आमच्या तात्यांना कुणी "काय करता?" असं विचारलं की ते मिशीला पीळ भरत. करत काहीच नव्हते, म्हणून. त्यांच्या आजोबांनी ग्वाल्हेर दरबारात कारकुनी केली, त्याचं इनाम नातवानं बसून खाल्लं, आणि संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाल्यावर सरकारनं तेही काढून घेतलं. तरी ऐट कमी होईल तर शपथ! रामघाटावर यात्रेकरूंची पूजा सांगणारा पंडा दारात आला तर त्याच्याशी असे बोलत, जणू हे स्वतःच ग्वाल्हेरचे हुजूर, दौऱ्यावर आलेत. मी त्यांची पुतणी, जयू. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि घरातला रेशनवरचा, कंट्रोलचा गहू माझ्या पगारातून यायचा. मला त्यांची चीड यायची. खोटं कशाला बोलू, किळस यायची.

त्यांचं जेवण म्हणजे तर तमाशाच. सोवळं नेसून पाटावर बसायचे. आधी देवाचा नैवेद्य, मग गायीचा घास, मग कावळ्याचा, मग कुत्र्याचा, मग पानाभोवती मुंग्यांसाठी म्हणून भाताची शितं. मग स्वतः, पोळीवर पोळी, वर तूप. सगळ्यांत शेवटी त्यांची सून कुसुम. तिचा नवरा मधुकर रतलामला रेल्वेत. रविवारी यायचा आणि बापापुढे मान खाली घालून जेवून जायचा. कुसुमच्या वाट्याला करपलेली अर्धी पोळी आणि ताकाचं पाणी. आणि ती तर अंगावर पाजणारी!

बाळ सारखं किरकिर करायचं. कुसुमला दूधच येईना. बाळाचे हातपाय काड्यांसारखे झाले होते. मला धडकी भरली होती, पण तात्यांचं निदान तयार होतं. "दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या ओवाळून टाका."

शाळेत तेव्हा मी मुलींना शिकवत होते, की सूर्याचं ऊन झाडाच्या पानात साठतं. पान जो खातो त्याच्यात ते जातं, त्याला जो खातो त्याच्यात पुढे. पण प्रत्येक जण आपल्या चालण्याफिरण्यात, अंगाची ऊब राखण्यात बहुतेक सगळं संपवतो, पुढच्याला मिळतं चिमूटभर. तेच मी घरी तात्यांना ऐकवलं. "तात्या, गव्हातलं ऊन कुसुमच्या पोटात गेलंच नाही, तर दुधात कुठून उतरणार? बाळ तर तिच्याही पुढे आहे."

"वा! आता गव्हात ऊनपण असतं? याचाच पगार देतात वाटतं तुला! अगं, आईचं दूध देवाघरचं. बायका उपाशी राहूनच पोरं वाढवत आल्यात."

"मग गायीला आधी घास कशाला? तिचंही देवाघरचंच की!"

"गाय दूध देते, मूर्ख मुली!"

आपल्या तोंडून काय गेलं, हे त्या माणसाला कळलंसुद्धा नाही. शिवाय गाय कुणाची, तर पटणी बाजारातल्या हलवायाची! आमचा घास तिच्या पोटात, तिचं दूध त्याच्या कढईत आणि पेढे यात्रेकरूंच्या तोंडात. आमच्या बाळाला मीठमोहऱ्या.

चुलीपाशी बसलेल्या कुसुमनं मात्र ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नेहमीसारखा घास काढून तिच्या हातात दिला. तूप-गूळ लावलेल्या दोन जाड पोळ्या. गाय दारात उभीच होती. कुसुम गेली, उंबऱ्याशी बसली, पदर सावरला आणि स्वतःच खायला लागली. गाय आपली तोंड पुढे करून बघतेय.

"अगं, अगं! गायीचा घास खाल्लास? धरम बुडवलास!" तात्या सोवळ्यानिशी उठून धावले.

"मामंजी, दूध मीही देते." तोंडात घास तसाच. सासऱ्याला तिनं दिलेलं ते पहिलं उत्तर. मग मला म्हणाली, "वन्सं, आणखी एक द्या ना."

मी तात्यांच्या पानातलीच उचलून दिली. असा आनंद झाला म्हणून सांगू!

मला वाटलं, आता तरी शरमेनं दोन शब्द बोलतील. तर हे सुनेला ओलांडून खाली उतरले, हलवायाच्या गायीच्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माते, क्षमा कर."

त्या दिवसापासून पहिलं पान कुसुमचं. गहू माझा, मी वाढेन तसं. हळूहळू तिला दूध आलं, बाळाच्या गालांवर मांस चढलं. तात्या मात्र मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "मी वेळेवर गोमातेचे पाय धरले, म्हणून हा नातू वाचला."