मिरचीच्या रोपाची छत्री

घराच्या जिन्याखालच्या खोलीत तो चाळीस वर्षं छत्र्या दुरुस्त करत आला. प्रत्येक छत्रीच्या दांड्याला चिठ्ठी: कोणाची, कधी आणली, काय मोडलंय. तिचाच दुसरा तुकडा गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणून छत्री विकायची नाही, वापरायची तर नाहीच, हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भर पावसात हा गृहस्थ डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून बाजारात जायचा. लोक हसायचे. त्याला त्यातही मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोला.

बायकोला तो बाईसाहेब म्हणायचा. तिला मिरच्यांचा नाद. आईकडून आलेलं बी ती दर वर्षी गच्चीवर कुंड्यांत लावायची, आणि दर उन्हाळ्यात निम्मी फुलं गळून जायची. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, "एखादी छत्री द्या ना. दुपारपुरती."

"लोकांची वस्तू आहे ती. आणि मिरच्या काय, बाजारात ढिगाने मिळतात."

तिने पुन्हा विचारलं नाही. जुनी चादर बांधायची, वारा ती उडवायचा, मग स्वतःच ती रोपांवर धरून उभी राहायची.

ती गेल्यावर दोन वर्षं बियांची डबी तशीच पडून होती. यंदा मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आईचं बी आहे ना अजून?" तेव्हा त्याने होतं नव्हतं ते सगळं पेरलं. बी जुनं झालेलं. उगवलं एकच रोप. ते गेलं की बाईसाहेबांची मिरची संपली. मुलीला त्याने हे सांगितलं नाही.

छत्र्यांतलं सगळं कळायचं, रोपांतलं ओ की ठो नाही. दुपारी पानांनी मान टाकली की हा मगभर पाणी ओतायचा. माती चिखल झाली, पानं पिवळी पडली. शेवटी रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "अहो, बुडवताय कशाला त्याला? पाणी सकाळीच घाला. दुपारी सावली करा, नाहीतर एक फूल टिकायचं नाही."

सावली. खोलीत खुंट्यांवर सतरा छत्र्या लटकत होत्या. तीन दिवस त्याने वर बघायचंच टाळलं. चौथ्या दिवशी सहा वर्षं कोणी न नेलेली मोठी काळी छत्री गच्चीवर नेली आणि कठड्याला बांधली. चोरी केल्यासारखं वाटलं. रोप मात्र सावरलं. सात फुलं आली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात, भर बारा वाजता, एक बाई चिठ्ठीचा दुसरा तुकडा घेऊन दारात. "बाबांच्या कपाटात सापडली. छत्री असेल का हो अजून?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? "आहे," तो म्हणाला. "पण मी वापरली. कापड विटलंय." गच्चीवरून सोडून आणली, धूळ पुसली, हातात दिली. बाई गेली.

मग तो वर जाऊन रोपावर वाकून उभा राहिला. ऊन कठड्यामागे जायला तीन तास लागले. मान भाजली, पाठ धरली. बाईसाहेब अशाच उभ्या राहायच्या. लालबुंद तोंडाने जिना उतरायच्या, आणि हा खोलीतून विचारायचा, "जेवण कधी?" त्याला स्वतःची लाज वाटली. सातांतली सहा फुलं त्या दिवशी गळली. एक राहिलं.

खाली येऊन त्याने जुन्या काड्या आणि उरलेल्या कापडाचे तुकडे गोळा केले आणि एक छत्री जोडली. दोन तासांचं काम. सवयीने चिठ्ठी घेतली. कोणाची: बाईसाहेबांची. कधी: तिथे त्याने एकोणीस वर्षांपूर्वीचं साल घातलं. काय मोडलंय, इथे त्याने पेन खाली ठेवलं. ती जागा कोरी ठेवून त्याने चिठ्ठी दांड्याला बांधली आणि छत्री घेऊन तो जिना चढू लागला.