मावशींचा संघ वर जातो

माझ्या नवऱ्याच्या मावशींइतकं संथ माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरं नसेल. नेपरव्हिलला तीस वर्षं राहूनही घाई त्यांना कधी शिवली नाही. त्या गाडी इतकी हळू चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवायचा कंटाळा येऊन गाणी बदलत बसत. अशा बाईंना बेसबॉलसारखा रेंगाळत चालणारा खेळ आवडावा यात नवल नाही. तोही टीव्हीवरचा झगमगीत नव्हे, तर शेजारच्या गावातल्या, अगदी खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या संघाचा. त्या मैदानाला खुर्च्या मोजक्याच, पुढे नुसतं हिरवं टेकाड. उन्हाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी तिथे चादर अंथरून मावशी थर्मासमधला चहा पीत ढगांकडे बघत, आणि मधूनमधून खेळाकडेही. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत. "मावशी, स्कोअर काय झाला?" म्हटलं की म्हणत, "अगं, चाललाय ना खेळ, मग झालं तर!" एकदा चेंडू उडून थेट त्यांच्या चादरीवर आला. असा चेंडू लोक हौसेने घरी नेतात; मावशींनी तो पदराने पुसला आणि सामना संपल्यावर अंपायरला नेऊन दिला. वर "हरवला असता हो," असं त्याला मराठीतच सांगितलं.

मग एका वर्षी या संघाला वरच्या लीगमधून बोलावणं आलं. गाव हरखलं. पण वर जायचं तर खुर्च्या वाढवायला हव्यात, म्हणजे टेकाड जाणार. जावं की नाही हे ठरवायला लायब्ररीत सभा ठेवली. मावशींनी विरोधात बोलायचं ठरवलं आणि आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात भाषणाची प्रॅक्टिस केली. "वर जाऊन काय करायचंय यार यांना?" त्या तावातावाने विचारत. 'यार' त्यांनी माझ्या नवऱ्याकडून उचललेला. "इथे काय वाईट चाललंय?"

सभेत त्यांच्या आधी संघाचा पिचर उभा राहिला. उंच, टक्कल पडू लागलेला, हिवाळ्यात गोदामात काम करणारा माणूस. "मी नऊ वर्षं याच लीगमध्ये चेंडू फेकतोय," तो म्हणाला. "वर टिकेन की नाही, माहीत नाही. पण एकदा तरी जाऊन बघायचंय." एवढंच बोलून तो बसला.

मावशींचं नाव पुकारलं. त्यांनी कागद उघडला, चष्मा लावला आणि पिचरकडे बघितलं. मग कागदाची घडी घालून म्हणाल्या, "लेट देम गो." बाहेर आल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "काय करणार गं? त्याचा चेहरा बघितलास ना?"

संघ वर गेला, टेकाडावर खुर्च्या आल्या. पिचर मात्र वर एकच उन्हाळा टिकला. त्याच्या शेवटच्या सामन्याला आम्ही दोघी गेलो होतो. मधेच त्याला बदललं. आकाश गुलाबी झालं होतं आणि मैदानभर लांब सावल्या पसरल्या होत्या. मैदानाबाहेर जाताना त्याने थांबून टोपी काढली आणि उंचावली. मावशींनी हात वर केला. तो आमच्याकडे बघतही नव्हता. तो खेळाडूंच्या खोलीत दिसेनासा झाला तरी मावशींचा हात मात्र तसाच वर होता.