रेगे वकिलांचं व्हायोलिन

काल कोर्टात रेगे वकिलांनी कानामागे तळहात धरून न्यायाधीशांना तिसऱ्यांदा विचारलं, "काय म्हणालात, साहेब?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी त्यांच्याच हाताखाली वकिली शिकलो.

जन्मभर त्यांनी दिवसा दिवाणी दावे चालवले आणि सकाळी व्हायोलिन वाजवलं. तरुणपणी मैफलींची बोलावणी यायची, पण त्याच दिवशी कुणाची तरी तारीख असायची. "वकिली सोडली की मग फक्त वाजवणार," असं ते म्हणत. आपण आवडीची गोष्ट मागे ठेवतो, तेव्हा ती आपल्यासाठी थांबेल असं धरूनच चालतो. ती थांबतेही. आपलं शरीर थांबत नाही.

आज सकाळी कागद द्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसवलं, खुंट्या पिळून तारा जुळवल्या आणि तोडी सुरू केली. पहिलाच सूर बेसूर लागला. तार बरीच चढलेली होती, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"लागलाय ना रे सूर?"

"लागलाय, सर," मी मोठ्याने म्हणालो.

उलटतपासणीत साक्षीदाराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांग."

"लागलाय, सर."

त्यांनी चारही तारा एकेक करून सैल केल्या, व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "आण ते कागद."