झोपाळू आणि दमेकरी

बस डेपोत त्याला सगळे ज्योतिषी म्हणत. ग्रहताऱ्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तो साधा ड्रायव्हर होता. पण फुटबॉलचा नवा हंगाम तोंडावर आला की विश्रांतीच्या खोलीतल्या ड्यूटीच्या फळ्यावर, कोपरा पुसून, तो खडूने आपला संघ मांडायचा आणि यंदा काय होणार ते छाती ठोकून सांगायचा. भविष्य दरवर्षी एकच असायचं, यंदा कप आपला. दरवर्षी ते साफ खोटं ठरायचं. संघ कधी अधेमधे लटकायचा, कधी खालच्या गटात घसरता घसरता वाचायचा. तरी लोक चहाचे कप घेऊन ऐकायला जमायचेच. एवढी वर्षं तोंडघशी पडूनही एक माणूस न लाजता आशा धरतो, हे बघून बरं वाटतं.

या वर्षी त्याने संघ मांडला, खडू खाली ठेवला आणि म्हणाला, "यंदा आपण खाली जाणार."

 मेकॅनिक म्हणाला, "तब्येत बरी आहे ना रे?"

"तब्येतीला काय झालंय? गेल्या वर्षीचा प्रत्येक सामना मैदानावर बसून बघितलाय. हा डावीकडचा," त्याने फळ्यावर बोट आपटलं, "हा झोपाळू. मध्यंतरापर्यंत हा मैदानात असून नसल्यासारखा. दुसऱ्या डावात उठतो आणि मग धावतो. आणि हा उजवीकडचा, हा दमेकरी. याचं बरोब्बर उलटं. आधी बरा पळतो, मध्यंतर झालं की गायब. दोघं मिळून एक माणूस होतो. अशाने हंगाम निघतो का?"

"टीव्हीवर तर दोघंही शेवटपर्यंत धावताना दिसतात," मेकॅनिक म्हणाला.

"टीव्हीवर बॉल असेल तिकडचंच दाखवतात. टीव्ही बघून फुटबॉल कळत असता तर तुझी बायको कोच झाली असती."

सगळे हसले. हसला नाही तो त्याचा कंडक्टर. वर्षानुवर्षं दोघं एकाच बसवर होते, आणि ज्योतिष्याची टर उडवायचा पहिला मान कायम कंडक्टरचा. त्या दिवशी मात्र तो फळ्याकडे बघत राहिला. त्याचा चहा तसाच गार झाला. जाताना एवढंच म्हणाला, "सराव सामन्याला लेकीला घेऊन जातोस ना? तिलाही विचार एकदा, तिला काय दिसतं ते."

ज्योतिष्याला हे लागलं. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि फुटबॉल तिला कळत असला तरी तो त्यानेच शिकवलेला होता. लहानपणी खांद्यावर बसवून तो तिला मैदानावर न्यायचा. आता तिने बापाला खेळ समजावून सांगायचा, म्हणजे फारच झालं.

हंगामाआधीचा सराव सामना रविवारी दुपारी होता. त्यांची जागा नेहमीची, गोलच्या मागे. पहिल्या डावात संघ त्यांच्यापासून लांब, पलीकडच्या गोलकडे खेळायचा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की त्यांच्याकडे तोंड करून यायचा. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात ज्योतिष्याने नाक मुरडलं.

"बघ. आली झोप. डावीकडे आहे का कुणी?"

"आहे की," लेक म्हणाली. "हात वर करून ओरडतोय बिचारा. कुणी पासच देत नाहीये."

"कुठे?"

"तो काय, तिथे. रेघेवर."

त्याने मान वळवली. झोपाळू खरंच रेघेवर उभा होता, हात वर करून. ज्योतिष्याने पुन्हा समोर बॉलकडे बघितलं. झोपाळू नव्हता. मान वळवली, होता. समोर बघितलं, नव्हता. लेकीला वाटलं बाबा नक्कल करताहेत. ती हसली, आणि मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. आता संघ त्यांच्याकडे येत होता आणि झोपाळू उजव्या हाताला अगदी स्वच्छ दिसत होता, धावत, घाम पुसत. दमेकरी गायब. ज्योतिष्याने मान डावीकडे नेली. दमेकरी तिथेच होता. तो दमलाबिमला काही नव्हता. जीव तोडून धावत होता, आणि तसाच वर्षभर धावत आला असणार. खेळाडू बदलत होते, बाजू बदलत होत्या, रिकामी राहत होती ती फक्त ज्योतिष्याच्या डाव्या हाताची जागा. ज्या दोघांच्या नावाने त्याने वर्षभर खडे फोडले, ते दोघंही निर्दोष होते.

मग त्याला आपली बस आठवली. शाळेपाशी त्याचा रस्ता डावीकडे वळायचा. रोज सकाळी, भरली बस घेऊन, तो ते वळण घेत होता.

सामना कोणी जिंकला ते त्याने बघितलं नाही. घरी परतताना लेकीने विचारलं, "बाबा, उद्या बस?"

"बघतो," तो म्हणाला.

बघण्यासारखं काय होतं हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. डोळ्यांची तपासणी व्हायला अजून बरेच महिने होते. मान थोडी जास्त वळवायची सवय लावली तर कुणाला कळणारही नव्हतं. आणि बस गेली तर उरणार काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं. स्टिअरिंग हातात नसलेला तो कसा असतो, हे बायको गेल्यानंतर त्याने एकदाच अनुभवलं होतं, सुट्टी घेऊन घरात बसला होता तेव्हा. आठवड्यात वेड लागायची पाळी आली होती. त्याला भीती वाटली, आणि ती शरमेपेक्षा मोठी होती.

सकाळी तो डेपोत गेला. बस धुऊन उभी होती. कंडक्टर पायरीवर बसून तिकिटाच्या मशीनमध्ये कागद भरत होता.

"मास्तर," ज्योतिषी म्हणाला, "शाळेच्या वळणावर तू दारात येऊन उभा राहतोस. 'डावीकडे सायकल, डावीकडे पोरं' असा ओरडतोस. कधीपासून?"

कंडक्टरने मान वर केली नाही. "हिवाळ्यापासून. त्या दूधवाल्याला तू घासून गेलास, तेव्हापासून."

"कुठला दूधवाला?"

कंडक्टरचे हात थांबले. "पडला नाही तो. आरशाला कोपर लागलं. मागे धावत येऊन त्याने आईबापावरून शिव्या घातल्या, त्या मी दारात खाल्ल्या. मला वाटलं, तुला कळलं असेल आणि तू बोलत नसशील."

"मला का नाही सांगितलंस?"

"जीभ रेटली नाही. सांगितलं असतं तर तू उतरला असतास."

"उतरलोच असतो."

"मग? तुझ्याशिवाय मी कुणाबरोबर फिरलो असतो?"

 रागावावं असं ज्योतिष्याला फार वाटत होतं, पण ज्या माणसावर रागवायचं त्यानेच त्याची डावी बाजू सांभाळली होती. "मागे माणसं बसलेली असतात, मास्तर," तो म्हणाला, आणि कंट्रोलरच्या केबिनकडे चालू लागला.

आत फार बोलणं झालं नाही. कंट्रोलरने आधी थट्टा समजली, मग दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा ज्योतिष्याच्या हातात डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. दवाखाना त्याच्याच रूटवर होता. बदली म्हणून एक ड्रायव्हरबाई आल्या होत्या, चांगल्या अनुभवी. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला फिरवून घेतले. ज्योतिषी दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत तो या बसमध्ये त्या बाजूला कधी बसला नव्हता.

"मग यंदाचं काय समजायचं?" कंडक्टरने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून. "खरंच खाली जाणार आपण?"

"मला विचारू नकोस. मी अर्धंच मैदान बघितलंय."

"आणि ते झोपाळू-दमेकरी? पळतात का?"

"पळतात. चांगले पळतात." त्याने चिठ्ठी खिशात घातली. "कप नाही येणार. पण टिकू."

एवढं मोजूनमापून भविष्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं. 

शाळेचं वळण आलं. कंडक्टर उठून दारात गेला आणि ओरडला, "डावीकडे सायकल."

"दिसतेय हो मला," बाई म्हणाल्या. "केव्हाची दिसतेय."

कंडक्टर दारातच उभा राहिला. ज्योतिष्याला सायकल दिसली नव्हती. त्याने मान पूर्ण वळवली. काचेच्या पलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी सायकल चालवत होती. बसकडे तिचं लक्षही नव्हतं. गेलं वर्षभर ती रोज सकाळी अशीच जात असणार.