पियाकला गार ठेवणारी खामपुन मावशी

थायलंडमधल्या बुरीरामच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या सेंगशेठच्या पिकअपवर नावं रंगवलेली आहेत. गाडी चालवणारा पियाक, इंजिनवाला, टायरवाला, आणि आयुष्यात पान्याला हात न लावलेला शेठचा मेहुणासुद्धा. खामपुन मावशीचं नाव त्यात नाही. नसू दे. गाडी तासभर पळते ती डिझेलवर, पण आतला माणूस तासभर टिकतो तो मावशीच्या बर्फावर. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांची देखभाल होते तिथे, कुणालाही विचारा.

मावशी मूळची आइस्क्रीमवाली. नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम, पावात घालून, खाली चिकट भात. साठी ओलांडली तरी आवाज असा, की इंजिन चालू असताना गिऱ्हाईक वळून बघायचं. गेल्या एप्रिलच्या शर्यतीत ती पिटमागे गाडा लावून उभी होती. शेवटच्या फेऱ्यांत पियाकला भोवळ आली आणि गाडी खडीत जाऊन रुतली. ओढून बाहेर काढला तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे फिरलेले. गळ्यात बिल्ले अडकवलेली मोठी माणसं एकमेकांना फोन लावत बसली. मावशीने गाडा ढकलत आणला आणि होता नव्हता तेवढा बर्फ त्याच्या अंगावर रिकामा केला.

ट्रॅकच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, नाडी बघून म्हणाल्या, "वाचलास. पण पुन्हा एकदा असा आडवा झालास, तर तुझा परवाना मी स्वतः रद्द करीन."

गाडी चालवण्यापलीकडे पियाकला काही येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं. तो आठवडाभर तोंड पाडून बसला. मग मावशीच शेठच्या गॅरेजात जाऊन उभी राहिली.

"शेठ, याला गार ठेवायचं काम माझ्याकडे द्या."

"मावशी, ही शर्यत आहे, जत्रा नाही."

"जत्रेत माणूस शिजत नाही, शेठ."

शेठने काम दिलं.

गाडीत एक थंड पाण्याची पेटी असते. पंप त्यातलं पाणी खेचतो आणि चालकाच्या बंडीत शिवलेल्या बारीक नळ्यांतून फिरवतो. मावशीने पेटी उघडून पाहिली, बर्फ भरला, आणि वर तीन ओंजळी जाडं मीठ टाकलं. आइस्क्रीम गोठवायला चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. मिठाने बर्फ जास्त गार होतो, मग माणूसही जास्त गार राहील, सरळ हिशोब.

पियाक सरावाला निघाला आणि चौथ्या फेरीतच परत आला. बाहेर चाळीस डिग्री ऊन, आणि हा दात वाजवत उतरला. ओठ जांभळे, बोटं इतकी बधिर की गिअर सापडेना.

"मावशी, गार ठेव म्हटलं होतं! आइस्क्रीम कर म्हणून कोण म्हणालं?"

अख्खा पिट पोट धरून हसला. मावशीही हसली, पण घरी जाऊन तिने तीच बंडी अंगात घातली, पंप जोडला आणि भर उन्हात पत्र्याखाली बसून एकेक प्रकार स्वतःवर करून पाहिला. चुरा बर्फ पटकन विरघळतो आणि पंपाचं तोंड बुजवतो. लादी करवतीने कापून विटेएवढे तुकडे केले तर टिकतात. आणि मीठ पेटीत टाकायचंच नाही, ते चिंचेच्या पाण्यात कालवून पियाकच्या पोटात घालायचं. हे तिला कुठल्या इंजिनिअराने शिकवलं नाही.

या एप्रिलची शर्यत आली. गाड्या रांगेत लागल्यावर प्रत्येकीजवळ छत्री धरायला एकाच माणसाला परवानगी असते. शेठने त्यासाठी बँकॉकहून एक मॉडेल बोलावली होती. मावशीने तिच्या उंच टाचा बघितल्या.

"बाळ, तू सावलीत बस. इथे उभी राहिलीस तर आधी तुलाच उचलावं लागेल."

पोरीने हसत छत्री देऊन टाकली. आणि झगमगत्या पोरींच्या रांगेत विटका सारोंग नेसलेली मावशी छत्री धरून उभी राहिली. दुसऱ्या हातात एक पोतं. फोटोवाले तिच्यावरच तुटून पडले.

तेवढ्यात निरोप आला, आधीच्या शर्यतीत तेल सांडलंय, सुरुवात लांबणार. पंचवीस मिनिटं गाड्या उन्हात भाजत राहिल्या. शेजारच्या गाड्यांतल्या चुऱ्याचं कधीच पाणी झालं. मावशीने पियाकच्या मानेवर ओला पंचा टाकला आणि पोतं सोडलं. आत भाताचं तूस, तुसात लाद्यांचे तुकडे, नुकतेच कापल्यासारखे.

एक बिल्लेवाला धावत आला. "आजी, हे नियमात नाही!"

"याला भाजायचं नियमात आहे? कुठल्या पानावर? दाखव."

तो बिचारा खरंच पुस्तक चाळायला लागला. त्याचं पान सापडेपर्यंत पेटी नव्या बर्फाने भरून झाली होती.

शर्यत सुटली. चाळीस मिनिटं पियाक रेडिओवर बडबडत होता. मग एकदम गप्प झाला. एक फेरी, दोन फेऱ्या. गेल्या वर्षीही तो असाच गप्प झाला होता. शेठचा चेहरा उतरला. मावशीने त्याच्या कानावरचा हेडफोन हिसकावला.

"पियाक! बोल काहीतरी!"

"मावशी, पुढचा वाट देत नाहीये. त्याला मागे टाकू का तुझ्याशी गप्पा मारू?"

"मेल्या, आधी त्याला टाक!"

टाकला. पियाक तिसरा आला.

पण मावशीला तिसऱ्या नंबराशी देणंघेणं नव्हतं. तिची नजर गाडीच्या दारावर होती, आणि डॉक्टरीणबाईंचीही. दार उघडलं. एक पाय बाहेर आला, मग दुसरा. पियाक कुणाचाही हात न धरता उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीकडे बोट केलं. "यावरून सरळ चालून दाखव."

पियाक चालला. पट्टीच्या टोकाला पोचला, वळला आणि परत येताना दोन्ही हात उचलून, बोटं वळवत, मोलामच्या, त्यांच्याकडच्या लोकगाण्याच्या, ठेक्यावर नाचत नाचत आला. एक पाऊलही पट्टीबाहेर नाही. कुणीतरी रिकामा डबा बडवायला घेतला.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत परवान्यावर शिक्का मारला. "नेहमी असाच उतरतो का हा?"

"आता उतरेल," मावशी म्हणाली, आणि चिंचेच्या पाण्याची बाटली घेऊन नाचणाऱ्या पियाकच्या मागे धावली. "नाच नंतर, आधी हे पी!"